किडनी चौथ्या टप्प्यात गेल्यावर घरात करायची कामं

"लघवी तर भरपूर होते, मग किडनी खराब कशी?" किडनीच्या पेशंटच्या घरात पहिला प्रश्न बहुधा हाच असतो. पण लघवी किती होते यावरून किडनी किती काम करते ते कळत नाही. आजार पुढे गेला तरी दिवसाला दीड-दोन लिटर लघवी होऊ शकते, फक्त तिच्यातून जी घाण बाहेर पडायला हवी ती पुरेशी पडत नाही. लघवी घट्ट करण्याची ताकदही किडनी गमावते, म्हणून पेशंट रात्री दोन-तीनदा उठतो आणि घरचे म्हणतात, "उलट जास्तच होतेय." या समजुतीत कित्येकांचे मोलाचे महिने निघून जातात.

आमच्या घरी माझे सासरे, आम्ही त्यांना नाना म्हणतो, या आजारासोबत जगताहेत. मी डॉक्टर नाही. त्यांची फाइल, औषधं, ताट आणि डायलिसिसच्या वेळा सांभाळताना जे शिकले, ते इंदूरच्या मराठी घरांसाठी लिहिते आहे. इथलं खाणं आणि इथला उन्हाळा यांचा विचार पुण्या-मुंबईहून येणाऱ्या सल्ल्यांत नसतो.

एक गोष्ट आधीच सांगते. किडनीच्या जुनाट आजाराच्या पाच टप्प्यांपैकी चौथा टप्पा म्हणजे उद्या डायलिसिस नव्हे. पुष्कळांना इथून पुढे काही वर्षं मिळतात, आणि ती कशी वापरली यावर पुढचं बरंच ठरतं. मध्यरात्री दम लागून, मानेच्या शिरेत नळी घालून सुरू केलेलं डायलिसिस वेगळं, आणि आधीच तयार केलेल्या हातावर, दिवस ठरवून सुरू झालेलं वेगळं. दुसऱ्या प्रकाराची तयारी आत्ताच सुरू करायची असते.

पहिल्या आठवड्यात: फाइल

नुसत्या क्रिएटिनिनवर जाऊ नका. क्रिएटिनिन हा रक्तातला टाकाऊ पदार्थ स्नायूंमधून येतो, त्यामुळे वय, बाई की पुरुष, अंगकाठी यांवर त्याचा अर्थ बदलतो. क्रिएटिनिन २.० असलेल्या ३० वर्षांच्या तरुणाची किडनी साधारण ४५ च्या हिशेबाने चालत असते. तोच २.० आकडा ६५ वर्षांच्या बाईचा असेल तर तिचा हिशेब २७ च्या आसपास येतो. हा हिशेब म्हणजे ईजीएफआर, किडनी मिनिटाला किती मिलिलिटर रक्त गाळते याचा अंदाज. तो ३० ते ५९ असेल तर तिसरा टप्पा, १५ ते २९ चौथा, १५ च्या खाली पाचवा. आपल्या सडसडीत आजी-काकूंच्या रिपोर्टवर "क्रिएटिनिन जरासंच वाढलंय" असं म्हणून फाइल मिटली जाते, तिथेच फसगत होते. ईजीएफआर ३० च्या खाली असेल तर फॅमिली डॉक्टरांसोबत नेफ्रॉलॉजिस्ट, म्हणजे किडनीचा तज्ज्ञ, हवाच.

दुसरी तपासणी लघवीची, युरिन एसीआर. लघवीतून प्रथिनं किती गळतात ते तिच्यात दिसतं. ३० च्या आत ठीक, ३०० च्या वर म्हणजे गळती मोठी आणि आजार वेगाने पुढे जाण्याची शक्यता जास्त. वय, लिंग, ईजीएफआर आणि एसीआर या चार गोष्टींवरून पुढच्या २ किंवा ५ वर्षांत डायलिसिस लागण्याची शक्यता किती टक्के, हे काढता येतं. तो आकडा डॉक्टरांना नक्की विचारा. आकडा ऐकून भीती वाटते हे खरं, पण घरातले निर्णय त्याच्याच आधारावर घेता येतात.

एक साधी वही करा. तारीख, क्रिएटिनिन, ईजीएफआर, पोटॅशियम, बायकार्बोनेट, हिमोग्लोबिन, कॅल्शियम, फॉस्फरस, वजन, बीपी. शक्यतो एकाच लॅबमधून तपासा. एका रिपोर्टपेक्षा सहा महिन्यांचा उतार महत्त्वाचा असतो. आकडा अचानक उडी मारून वर गेला तर "आजार वाढला" म्हणून गप्प बसू नका. जुलाब-उलट्यांनी शरीर कोरडं पडणं, लघवीचं इन्फेक्शन, प्रोस्टेटमुळे किंवा खड्यामुळे अडलेली लघवी, नुकतीच घेतलेली वेदनाशामक गोळी, ही कारणं वेळेत सापडली तर आकडा पुष्कळदा खाली येतो.

त्याच आठवड्यात: औषधांचा डबा उलटा करा

घरातली सगळी औषधं टेबलावर मांडा. गुडघेदुखीसाठीच्या, मेडिकलवरून सहज आणलेल्या पट्ट्या आधी बघा. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, ॲसिक्लोफेनॅक, निमेसुलाइड यांपैकी काही निघालं तर ते बंद. ब्रँडचं नाव वाचून काही कळत नाही, पट्टीच्या मागची बारीक अक्षरं वाचा. एकाच गोळीत पॅरासिटामॉल आणि ॲसिक्लोफेनॅक दोन्ही असतात आणि घरचे "पॅरासिटामॉलच आहे" म्हणून देत राहतात. दुखण्यासाठी नुसतं पॅरासिटामॉल, डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत, चालतं.

भस्मं, काढे, पुड्या यांबद्दल मला स्पष्ट बोलायचं आहे. काही भस्मांमध्ये शिसं, पारा, आर्सेनिक यांसारखे धातू सापडले आहेत, आणि ते बाहेर टाकायचं काम ज्या किडनीचं, तीच थकलेली आहे. काही वनस्पतींमधला ॲरिस्टोलोकिक ॲसिड हा घटक तर निरोगी किडनीही निकामी करतो. "डायलिसिस टळेल, किडनी नवी होईल" असं सांगत कोणी पुडी दिली तर ती आधी नेफ्रॉलॉजिस्टसमोर ठेवा. जुनाट आजारात व्रण पडलेली किडनी पूर्ववत करणारं औषध आजवर कोणत्याही पॅथीत सिद्ध झालेलं नाही. आशेपोटी माणसं इथे पैसा घालवतात, त्याहून वाईट म्हणजे वेळ घालवतात.

कमी लक्षात येणाऱ्या गोष्टीही सांगते. पोट साफ होण्यासाठीची मॅग्नेशियम किंवा फॉस्फेट असलेली औषधं, ॲसिडिटीची मॅग्नेशियम-ॲल्युमिनियमवाली पातळ औषधं, आणि पाण्यात फसफसणाऱ्या पुड्या (त्यांत सोडियम भरपूर असतं) विचारल्याशिवाय देऊ नका. अँटिबायोटिक, नसांच्या दुखण्याच्या प्रेगाबालिन-गाबापेंटिनसारख्या गोळ्या, मधुमेहाच्या गोळ्या यांची मात्रा ईजीएफआरप्रमाणे बदलते. मेटफॉर्मिन ३० च्या खाली बंद करतात. दात काढायला गेलात तरी पहिलं वाक्य "किडनीचा पेशंट आहे" हेच हवं. सिटी स्कॅनमध्ये रंगाचं इंजेक्शन देणार असतील तर तेही आधी विचारून.

उलट काही औषधं घाबरून सोडली जातात, ती सोडू नयेत. टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल या बीपीच्या गोळ्या किडनीतला दाब आणि प्रथिनांची गळती कमी करतात. त्या सुरू केल्यावर क्रिएटिनिन थोडं वाढतं, ३० टक्क्यांपर्यंतची वाढ डॉक्टर सहसा चालवून घेतात. दोन ते चार आठवड्यांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासायचं असतं, ते चुकवू नका. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या मूळच्या मधुमेहाच्या गोळ्या. ईजीएफआर २० पर्यंत त्या सुरू करता येतात आणि मधुमेह नसलेल्यांच्या किडनीचीही झीज मंदावते. तुमच्या पेशंटला त्या का दिल्या आहेत किंवा का दिल्या नाहीत, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

मात्र उलट्या, जुलाब किंवा खाणं बंद पडण्याइतका ताप आला, तर याच गोळ्या आणि लघवीची गोळी तात्पुरत्या थांबवायच्या का, हे त्याच दिवशी फोन करून विचारा. असं झालं तर काय करायचं, हे पुढच्या भेटीतच डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. इंदूरच्या मे-जूनमध्ये हा कागद हाताशी हवा.

बीपी घरी मोजा. दंडावर बांधायचं मशीन घ्या, पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकवून. बहुतेकांना १३० वर ८० च्या आत ठेवायला सांगतात, वृद्धांमध्ये चक्कर आणि पडण्याची भीती असेल तर डॉक्टर सैल धरतात. मधुमेह असेल तर एक वेगळी सूचना: किडनी थकली की इन्सुलिन शरीरात जास्त वेळ टिकतं. "साखर आपोआप सुधारली" म्हणून आनंद मानण्याआधी इन्सुलिन कमी करायला हवं का ते विचारा, नाहीतर पहाटे साखर एकदम खाली जाते.

पहिल्या महिन्यात: एक हात जपायला घ्या

हे काम फुकटचं आहे आणि सर्वांत जास्त राहून जातं. पुढे डायलिसिस लागलं तर हातातली एक शीर धमनीला जोडून फिस्टुला करतात. त्यासाठी शिरा शाबूत हव्यात. ईजीएफआर ३० च्या खाली गेला की ज्या हाताने लिहीत नाही तो हात, म्हणजे उजव्या हाताने काम करणाऱ्याचा डावा, राखून ठेवा. त्यातून रक्त काढायचं नाही, सलाइन लावायची नाही, त्यावर बीपी मोजायचं नाही. दुसऱ्या हातातूनही रक्त शक्यतो पंज्याच्या मागच्या बाजूने काढायला सांगा. वॉर्डमध्ये रात्रपाळीच्या सिस्टर घाईत असतात. "सिस्टर, हा हात फिस्टुलासाठी ठेवलाय" असं शांतपणे सांगा, त्या ऐकतात. आम्ही नानांच्या मनगटावर रंगीत पट्टी बांधली होती.

फिस्टुलाचं ऑपरेशन छोटं, सहसा तेवढाच भाग बधिर करून होतं. पण तो "पिकायला", म्हणजे शीर जाड होऊन सुई झेलण्याजोगी व्हायला सहा आठवडे ते तीन महिने लागतात, आणि कधीकधी पहिला प्रयत्न साधत नाही. म्हणून गरज पडण्याच्या साधारण सहा महिने आधी सर्जनला दाखवायचं. झाल्यावर रोज सकाळ-संध्याकाळ त्यावर बोटं ठेवून थरथर तपासायची. थरथर थांबली तर त्याच दिवशी, तासांच्या हिशेबाने, हॉस्पिटल. त्या हाताने भाजीच्या जड पिशव्या उचलू नयेत, त्यावर झोपू नये, घट्ट बांगड्या-पाटल्या आणि घड्याळ दुसऱ्या हातात घालावं.

याच महिन्यात हेपॅटायटिस बीची लस सुरू करून टाका. किडनीच्या पेशंटला ती दुप्पट मात्रेत, बहुधा ०, १, २ आणि ६ महिन्यांनी देतात, आणि नंतर रक्त तपासून तिचा परिणाम झाला का बघतात. जितकी उशिरा घ्याल तितका तिचा परिणाम कमी होतो. फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसींचंही विचारा.

रक्त कमी झालं की घरचे "एक बाटली चढवून टाका" म्हणतात. प्रत्यारोपण होण्याजोगा पेशंट असेल तर ते शक्यतो टाळतात, कारण परक्या रक्तामुळे शरीरात अँटिबॉडी तयार होतात आणि जुळणारी किडनी मिळणं अवघड होतं. त्याऐवजी आधी लोह तपासून भरून काढतात, मग एरिथ्रोपोएटिनची, म्हणजे रक्त वाढवणारी, इंजेक्शनं देतात. हिमोग्लोबिन १० ते ११.५ च्या आसपास ठेवायचं असतं, १३ च्या वर नेणं धोक्याचं. म्हणून "अजून वाढवा" असा आग्रह धरू नये.

रोज: ताट

छापील डाएट चार्ट मी पुष्कळ पाहिले. ते पेशंटला बहुतेक वेळा नुसतं घाबरवतात, आणि घाबरलेला माणूस वरण, दूध, फळं सगळं सोडून वाळतो. वाळलेल्या पेशंटचं क्रिएटिनिन स्नायू घटल्यामुळे कमी दिसतं, आणि घरचे खूश होतात! म्हणून क्रम लक्षात ठेवा: मीठ सगळ्यांसाठी कमी, प्रथिनं मोजून, पोटॅशियम आणि फॉस्फरस रिपोर्ट बघून. किडनीचं कळणारे आहारतज्ज्ञ मिळाले तर एकदा जाऊन याच.

मीठ दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, आणि त्यात सगळं आलं. इंदूरकराची खरी परीक्षा सकाळी होते. पोह्यांना मनाई नाही, पोह्यांत पोटॅशियम फार नसतं. भर पडते ती वरून: मूठभर सेव, जीरावन मसाल्याची चिमूट, शेंगदाणे, बटाटा. घरी कांदा, थोडे मटार, कोथिंबीर आणि भरपूर लिंबू घालून केलेले पोहे नाना रोज खातात. आमच्याकडे सेवेचा डबा आता टेबलावर नसतो, कपाटात असतो. समोर सेव ठेवून माणसाला नाही म्हणायला लावणं क्रूरपणाचं आहे. कचोरी, पापड, लोणचं, नमकीन आणि सोड्याने फुगवलेले पदार्थ यांतलं मीठ जिभेला कळतही नाही.

मिठाच्या दोन फसव्या गोष्टी. सैंधव हे मीठच आहे, त्यात सोडियम जवळपास तितकंच. आणि "लो सोडियम" म्हणून मिळणाऱ्या मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. बीपीवाल्या इतरांना ते ठीक असेल, पण किडनीच्या पेशंटसाठी ते घरात आणूच नका.

आता पोटॅशियम. ते ५ च्या आत असेल तर उगाच फळं तोडू नका. ५.५ च्या पुढे गेलं तर काळजी, ६ च्या पुढे हृदयाचे ठोके बिघडण्याचा धोका, ६.५ म्हणजे इमर्जन्सी. ते वाढण्यामागे नेहमी जेवणच नसतं. बीपीच्या काही गोळ्या, स्पायरोनोलॅक्टोन, रक्तातली वाढलेली आम्लता, चढलेली साखर आणि बद्धकोष्ठता हीही कारणं आहेत. किडनी थकली की पोटॅशियमचा मोठा वाटा शौचावाटे जातो, म्हणून रोज पोट साफ होणं हा उपचाराचा भाग समजा.

आकडा वाढलेला असेल तेव्हा थंडीतला सराफ्याचा गराडू आधी बंद, कारण कंदांमध्ये पोटॅशियम ठासून असतं. बटाटा, रताळं, सुरण, अरबी, पालक, टोमॅटोची घट्ट ग्रेव्ही, केळं, पेरू, खजूर, सुका मेवा कमी. नारळपाणी पूर्ण बंद: एका ग्लासात सुमारे ६०० मिलिग्रॅम पोटॅशियम जातं, आणि आजारी माणसाला भेटायला येणारा प्रत्येकजण नेमकं तेच घेऊन येतो. साखरेऐवजी गुळाचा चहा पौष्टिक म्हणून सुरू केला असेल तर तोही थांबवा, साखरेत पोटॅशियम जवळजवळ नसतं, गुळात पुष्कळ असतं. सफरचंद, नासपती, अननसाची फोड, जांभळं चालतात. दुधी, दोडका, पडवळ, तोंडली, कोबी, फ्लॉवर या रोजच्या भाज्या. ज्यांत पोटॅशियम जास्त त्या भाज्या बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळा, पाणी ओतून द्या, मग फोडणी घाला. नुसतं भिजत ठेवून तितकं काम होत नाही. ते उकळलेलं पाणी आमटीत वापरायची आपल्या बायकांची सवय इथे सोडावी लागते.

एका फळाचं नाव मात्र घरातल्या मुलांनाही पाठ असू दे: कमरख, चांदणीच्या आकाराच्या चकत्या होतात ते आंबट फळ. किडनीच्या पेशंटने ते एकही खाऊ नये, त्याचा रसही नको. त्यातलं मेंदूवर परिणाम करणारं द्रव्य किडनी बाहेर टाकू शकत नाही. थांबता न थांबणारी उचकी, भ्रम, झटके आणि मृत्यूपर्यंत प्रकरण गेलेलं आहे. रिपोर्ट कितीही चांगला असो, याला सूट नाही.

प्रथिनांचा हिशेब वजनावर. डायलिसिस सुरू नसताना किलोमागे साधारण ०.८ ग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ४८ ग्रॅम. वाटीभर घट्ट वरण सहा-सात ग्रॅम, पेलाभर दूध तितकंच, एक अंडं सहा, पोळी तीन. बेरीज करून बघा, आपल्या शाकाहारी वडीलधाऱ्यांच्या ताटात मुळात एवढंही नसतं. म्हणून "डाळ बंद" हा सल्ला सरसकट ऐकू नका. प्रोटीन पावडर नको, वरण हवं. डायलिसिस सुरू झालं की गणित उलटं होतं: किलोमागे १ ते १.२ ग्रॅम, कारण प्रत्येक वेळी थोडी प्रथिनं मशीनमधून निघून जातात. कितीतरी घरांत जुनंच पथ्य चालू राहतं आणि पेशंट खंगत जातो.

फॉस्फरस वाढला की अंगाला खाज सुटते, हाडं पोखरतात, रक्तवाहिन्या कडक होतात. डाळी-धान्यातला फॉस्फरस शरीर अर्धवटच शोषतं, पण काळ्या कोल्ड्रिंकमधला, प्रोसेस्ड चीजमधला, पाकिटबंद पदार्थांत मिसळलेला जवळजवळ सगळा रक्तात जातो. आपल्या स्वयंपाकात लक्ष ठेवायची गोष्ट म्हणजे प्रत्येक भाजीत पडणारं दाण्याचं कूट. त्यात पोटॅशियम आणि फॉस्फरस दोन्ही भरपूर. पेशंटची भाजी कूट घालण्याआधी बाजूला काढा. फॉस्फरस बांधून ठेवणाऱ्या गोळ्या जेवणाच्या घासाबरोबरच घ्यायच्या. जेवण झाल्यावर तासाने घेतलेली गोळी वाया जाते.

आणि उपवास. एकादशी, संकष्टी, नवरात्र मिळून उपवासाचं ताट म्हणजे बटाटा, रताळं, दाणे, राजगिरा, केळं, खजूर, वर नारळपाणी. एका दिवसात पोटॅशियमचा एवढा मारा दुसरा नाही. साबुदाण्याचा त्रास नाही, त्यातल्या दाण्यांचा आणि बटाट्याचा आहे. उपवास सोडवतच नसेल तर भगर (इथल्या दुकानात मोरधन म्हणून मागा), जिऱ्याची फोडणी, काकडी आणि वाटीभर दही एवढ्यात भागवा. सासूबाईंनी नानांची एकादशी स्वतःकडे घेतली, तो मार्गही आहे. चैत्रातल्या हळदीकुंकवाला आंब्याची डाळ चमचाभर आणि पन्हं दोन घोट, संक्रांतीला तिळगूळ एक. एवढ्याने काही बिघडत नाही, आणि सणातून माणूस बाजूला पडत नाही.

पाणी आणि इंदूरचा उन्हाळा

"भरपूर पाणी प्या, किडनी धुऊन निघेल" हे थकलेल्या किडनीला लागू नाही. सूज नसेल आणि लघवी नीट होत असेल तर तहानेप्रमाणे प्या, ना कमी ना जबरदस्तीने जास्त. पायांवर सूज, दम, किंवा डायलिसिस सुरू असेल तर मोजून: आदल्या दिवशी जितकी लघवी झाली, तीत साधारण ५०० मिलिलिटर मिळवायचे. चहा, ताक, आमटी, बर्फ, शिकंजी सगळं त्यात धरायचं.

पारा ४० च्या पुढे गेल्यावर हे पाळणं किती कठीण ते मी रोज बघते. उपयोगी पडलेल्या गोष्टी: सकाळीच दिवसाचं पाणी एका बाटलीत भरून ठेवणं, छोटा पेला, तोंडात लिंबाची फोड किंवा बर्फाचा एक तुकडा, दुपारी घराबाहेर न पडणं. पण खरी तहान मिठाने लागते. मीठ आवरलं नाही तर पाणी आवरत नाही. रोज सकाळी लघवीनंतर, चहाच्या आधी वजन करा. दोन दिवसांत दोन किलो वाढलं तर ते पाणी आहे.

ईजीएफआर २० च्या आसपास: निर्णयाची बैठक

घरातले सगळे, पेशंटसकट, एकदा बसा. पेशंटला वगळून ठरवू नका, आपल्याकडे हे फार होतं.

प्रत्यारोपण होण्याजोगं असेल तर ते सर्वांत चांगलं, आणि डायलिसिसच्या आधीही करता येतं. अवयव प्रत्यारोपणाच्या १९९४ च्या कायद्यानुसार, २०११ च्या दुरुस्तीसह, नवरा-बायको, आई-वडील, मुलं, भावंडं, आजी-आजोबा आणि नातवंडं हे किडनी देऊ शकणारे जवळचे नातेवाईक. रक्तगट जुळत नसेल तर दोन कुटुंबांत दात्यांची अदलाबदल कायद्याला मान्य आहे. कोणीच नसेल तर मेंदू-मृत दात्याच्या किडनीसाठी मान्यताप्राप्त हॉस्पिटलमधून नाव नोंदवा. २०२३ मध्ये वयाची ६५ ची अट आणि अधिवासाची अट काढली गेली. इंदूरमध्ये २०१५ पासून अवयवांसाठी रस्ते मोकळे करून ग्रीन कॉरिडॉर केले जातात, ते आपण पाहिलेत. प्रतीक्षा मात्र लांब असते, म्हणून नाव लवकर. घरातून दाता ठरवताना बायकोने किंवा आईने द्यायचीच असं गृहीत धरू नका. आपल्या देशात किडनी देणाऱ्यांत बायका जास्त आणि घेणाऱ्यांत पुरुष जास्त आहेत. दात्याने डॉक्टरांशी एकट्याने बोलावं, नाही म्हणायची मोकळीक असावी. प्रत्यारोपणानंतर औषधं जन्मभर, एकही दिवस न चुकता, हेही आधीच सांगून ठेवा.

हिमोडायलिसिस म्हणजे हॉस्पिटलमध्ये आठवड्याला तीनदा, चार-चार तास. खर्चापायी अनेकजण दोनदाच करतात. स्वतःची लघवी बरी असेपर्यंत काहींचं ते निभतं, पण ते डॉक्टरांनी ठरवायचं, खिशाने नव्हे.

पोटाचं डायलिसिस, सीएपीडी, याबद्दल आपल्याकडे फार कमी विचारलं जातं. पोटात एक मऊ नळी बसवतात, घरीच दिवसातून सहसा चारदा दोन लिटरची पिशवी भरायची आणि काढायची. पंखा बंद, हात स्वच्छ, तोंडावर मास्क. खंडवा-बुऱ्हाणपूरकडून किंवा खेड्यातून आठवड्यात तीनदा इंदूरला येणाऱ्या, हृदय कमकुवत असलेल्या पेशंटसाठी हा पर्याय जरूर विचारा. बाहेर येणारं पाणी गढूळ दिसलं तर लगेच डॉक्टर गाठायचे.

चौथा मार्गही आहे. खूप वय, अनेक आजार, अंथरुणाला खिळलेलं शरीर अशा वेळी डायलिसिस न करता औषधांनी दम, खाज, मळमळ, वेदना आवरत, घरी काळजी घेणं. तो पेशंटने समजून-उमजून घेतलेला निर्णय असेल तर त्याचा आदर करा, नातेवाइकांनी त्याला हार म्हणू नये.

डायलिसिस कधी सुरू करायचं ते फक्त आकड्यावर ठरत नाही. तब्येत बरी असताना केवळ ईजीएफआर घसरला म्हणून लवकर सुरू केल्याने आयुष्य वाढत नाही, हे २०१० च्या मोठ्या अभ्यासात दिसलं. न थांबणारी मळमळ, जेवण सुटणं, औषधाला न जुमानणारी सूज किंवा पोटॅशियम, सुस्ती, ही खूण. पण डॉक्टर "आता" म्हणतील तेव्हा "पुढच्या महिन्यात बघू" नको.

पैशाचं

आयुष्मान कार्डात कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे आणि डायलिसिस त्यात बसतं. ७० वर्षांवरील सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, २०२४ पासून आयुष्मानचं वय वंदना कार्ड मिळतं. पेन्शनर मराठी घरांतून "आपण कुठे गरीब" म्हणून ते काढलंच जात नाही. काढा. २०१६ पासूनच्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयांत दारिद्र्यरेषेखालच्या पेशंटना डायलिसिस मोफत आहे. एम. वाय. हॉस्पिटल आणि जिल्हा रुग्णालयात चौकशी गरज पडण्याआधीच करून ठेवा. औषधांसाठी जनऔषधी केंद्र आणि दवा बाजारात भाव विचारले तर महिन्याच्या बिलात फरक पडतो.

फ्रिजवर चिकटवायचा कागद

खालीलपैकी काही झालं तर सकाळची वाट बघायची नाही, रात्रीच निघायचं:

आडवं झाल्यावर दम लागणं, उशा वाढवाव्या लागणं.
पाय एकदम लुळे वाटणं, छातीत धडधड, ठोके मंद किंवा वेडेवाकडे होणं.
भ्रम, अति झोप, झटका, न थांबणारी उचकी.
लघवी अचानक बंद होणं.
छातीत दुखणं.
डायलिसिसची नळी असताना थंडी वाजून ताप येणं.
फिस्टुलाची थरथर थांबणं किंवा त्यातून न थांबणारा रक्तस्राव. रक्त आलं तर नेमक्या जागी बोटाने घट्ट दाबून धरा, वरून टॉवेल गुंडाळत बसू नका.

कागदावर १०८, नेफ्रॉलॉजिस्ट आणि डायलिसिस युनिटचे नंबर, रक्तगट, चालू औषधं, आणि कोणता हात राखून ठेवलाय ते लिहा. वहीतल्या शेवटच्या रिपोर्टचा फोटो घरातल्या दोघांच्या फोनमध्ये असू द्या, कारण इमर्जन्सीत मागचं क्रिएटिनिन आणि पोटॅशियम पहिल्यांदा विचारतात.

पेशंटच्या रक्ताच्या नात्यातल्यांनी, विशेषतः मधुमेह, बीपी किंवा किडनीत गाठी होण्याचा आजार घरात असेल तर, स्वतःचं बीपी, क्रिएटिनिन आणि युरिन एसीआर या वर्षी तपासून घ्या. नानांच्या दोन्ही मुलांनी त्यांच्याच लॅबमध्ये एका सकाळी तिन्ही तपासण्या करून घेतल्या.